कप्तानाची पँट

मेलेल्या कप्तानाची पँट कुणी धुतली, हा प्रश्न वकीलसाहेबांनी विचारायला नको होता. विचारला तो विचारला, वर खुर्चीत मागे रेलून हसले. शेजारी बसलेल्या बाईंनी तो प्रश्न शत्रूच्या भाषेत नीट उतरवून समोरच्या कैद्यापुढे ठेवला, कारण त्या दुभाषी होत्या आणि वाक्य आलं की पुढे ढकलायचं, याची जिभेला सवय झाली होती. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या डोक्यात शिरलं ते बोलून झाल्यावर.

समोर बसला होता बुडालेल्या पाणबुडीचा दुय्यम कप्तान. दाढी गुळगुळीत, पाठ ताठ, मागून घेतलेल्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आल्यापासून त्याने नाव, हुद्दा आणि क्रमांक यापलीकडे अक्षर काढलं नव्हतं. वकीलसाहेबांकडे तो असा बघायचा, की जणू दारावर कुणी नको असलेला माल विकायला आलंय. आता मात्र त्याने मान जराशी तिरकी केली आणि क्षणभर बाईंच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिला. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, मला माझ्या खोलीत जाऊ द्या.

तो काय करत होता ते बाईंना लख्ख कळलं. पाणबुडीवर ही गोष्ट कुणाकुणाला ठाऊक असेल, याची तो मनातल्या मनात गाळणी करत होता. आणि त्या गाळणीत एकच माणूस उरणार होता.

हे घर म्हणजे पूर्वीचं मुलींचं वसतिगृह. लढाई सुरू झाली, मुली घरी गेल्या आणि खिडक्यांना गज ठोकून इथे पकडलेले खलाशी ठेवायला लागले. प्रत्येक खोलीत कपड्यांच्या खुंट्या, आरसा, आणि भिंतीवर रंगवलेली सूचना: मोठ्याने बोलू नये. कैद्यांनी मोठ्याने, भरपूर आणि सगळं बोलावं म्हणून सरकार ज्या घरावर पैसा ओतत होतं, तिथली ही सूचना पुसायचं कुणालाही सुचलं नाही.

मारझोड इथे नव्हती. उलट पाहुणचार होता. गरम पाणी, स्वच्छ चादर, सिगारेट, संत्री. वकीलसाहेबांनी उभी हयात कोर्टात उलटतपासणी करण्यात घालवली होती, आणि त्यांचं सांगणं असं की, माणूस धाकाने तोंड मिटतो आणि ‘यांना सगळं आधीच ठाऊक आहे’ असं वाटलं की उघडतो. म्हणून इथे बारीकसारीक गोष्टी गोळा करायच्या. कुणाच्या सासऱ्याचं दुकान कुठे, बंदरावरच्या कोणत्या खाणावळीत कुणाची उधारी, पाणबुडीवरच्या मांजरीला काय म्हणायचे. मग दुसऱ्या कैद्यापुढे बोलता बोलता ती मांजर सोडून द्यायची. त्याला वाटतं, मांजर ठाऊक आहे म्हणजे इंजिनही ठाऊक असणार. मग लपवून काय उपयोग.

या धंद्याला एक पथ्य होतं, तेही वकीलसाहेबांनीच घालून दिलेलं. जी गोष्ट चारचौघांना ठाऊक असेल तीच वापरायची. एकट्यालाच ठाऊक असलेली गोष्ट तोंडातून काढायची नाही, कारण ती कुणी सांगितली हे ऐकणाऱ्याला तिथेच कळतं. नव्या माणसांना हे पथ्य ते बोट नाचवून शिकवायचे. आणि एका मग्रूर खलाशाने दाद दिली नाही, एवढ्या कारणावरून स्वतःच ते मोडून मोकळे झाले.

कप्तानाच्या पँटची गोष्ट सांगितली होती आचाऱ्याने.

आचारी म्हणजे पाणबुडीवरचा स्वयंपाकी. रुंद हाताचा, खाली मान घालून बोलणारा, विशीही धड न ओलांडलेला. कप्तानाचं जेवण, कप्तानाचे कपडे, सगळं त्याच्याकडे. पाणबुडी बुडाली तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा जोडीदारही वर आला, टॉर्पेडोच्या खोलीत काम करणारा. जोडीदार म्हणायचं कारण, पाणबुडीवर दोघांत एकच बिछाना. एक कामावर गेला की दुसऱ्याने त्याच उबेत झोपायचं. महिनोन्महिने दोघं एका उशीवर झोपले होते, पण एका वेळी कधीच नाही. जोडीदाराच्या पोटाची आणि मांड्यांची कातडी जळत्या तेलाने सोलून निघाली होती.

आल्या आल्या आचाऱ्याने बाईंकडे एकच मागितलं. त्याला डॉक्टर आणा.

इस्पितळ रस्त्यापलीकडे होतं. भाजलेल्यांवर इलाज करणारा मोठा डॉक्टर तिथे रोज येत होता. बाई धावत वकीलसाहेबांकडे गेल्या, तर ते म्हणाले, “येईल की डॉक्टर. आधी या आचाऱ्याला बोलू तर द्या. गरज भागली की माणूस गप्प बसतो.”

“साहेब, तो मुलगा मरेल.”

“म्हणून तर लवकर बोलेल.”

आणि आचारी बोलला. त्यांची पाणबुडी किती खोल जाऊ शकते, नवा टॉर्पेडो जहाजाच्या पंख्याच्या आवाजामागे कसा जातो, कोणत्या बंदरात डागडुजी होते, जे ठाऊक होतं ते सगळं. बाईंनी त्याला शब्द दिला होता. तुझं नाव कुठे येणार नाही, आणि इथून तुला तुमच्या खलाशांच्या छावणीत पाठवणार नाही. पायदळाच्या कैद्यांत ठेवू, तिथे तुला कुणी ओळखत नाही. हा शब्द द्यायला वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं. बाईंनी तो मनापासून दिला.

पँटची गोष्ट त्या ओघात निघाली. कुणी विचारली नव्हती. वरून स्फोटकं पडत होती, दिवे गेले होते, आणि त्या शूर, पदकं मिळवलेल्या कप्तानाला पँटमध्येच झालं. आचाऱ्याने अंधारात त्याचे कपडे बदलले, कुणाला कळू न देता धुतले. “त्यांनी माझा हात धरून ठेवला होता,” आचारी म्हणाला, “माझा बापसुद्धा कधी असा हात धरून बसला नव्हता.” सांगताना तो हसला आणि मग रडला. बाईंनी ती गोष्ट चहाच्या वेळी वकीलसाहेबांना सांगितली. कप्तान कसा होता, असं त्यांनी विचारलं म्हणून सांगितली. त्यांना वाटलं होतं, ऐकून साहेबही जरा गप्प होतील.

डॉक्टर आला तो आचारी पुरता पिळून झाल्यावर. त्याने जोडीदाराची पट्टी उचलून पाहिली, परत ठेवली, आणि काल का नाही बोलावलं म्हणून नर्सवर ओरडला. जोडीदार त्याच दिवशी गेला. शेवटपर्यंत तो पाणी मागत होता. बाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या.

तर आता तो पँटचा प्रश्न विचारून झाला होता. दुय्यमला त्याच्या खोलीत नेल्याबरोबर बाईंनी दार लावून घेतलं.

“साहेब, हे काय केलंत? आचाऱ्याशिवाय ही गोष्ट कुणाला ठाऊक असणार?”

“अहो, त्याचं तोंड पाहिलंत का? पहिल्यांदा रंग उतरला त्याचा.” वकीलसाहेब अजून खुशीत होते. “आणि आचाऱ्याची काय काळजी करता? तो काही दुय्यमला भेटणार नाहीये. शब्द दिलाय ना आपण?”

त्या ‘आपण’वर विसंबून बाई घरी गेल्या. दुसरा दिवस सुट्टीचा होता. परत आल्या तेव्हा आचाऱ्याची खोली रिकामी होती, गादी गुंडाळून उभी केलेली, खुंट्या मोकळ्या. नवीन कैदी यायचे होते म्हणून आदल्या दिवशी खोल्या रिकाम्या केल्या होत्या. खलाशी ते खलाशांच्या छावणीत, असा सरसकट हुकूम निघाला होता आणि त्यावर वकीलसाहेबांनी न वाचता सही ठोकली होती. आचारी आणि दुय्यम एकाच ट्रकमधून गेले होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वकीलसाहेबांच्या खोलीत शिरल्या तेव्हा ते नखं कापत होते.

“परत आणा त्याला.”

“बसा.”

“बसत नाही. आत्ता फोन करा आणि परत आणा.”

“बाई, छावणी लष्कराची आहे. तिथून माणूस काढायचा तर वरून पत्र लागतं. पत्रात कारण द्यावं लागतं.” त्यांनी नखं कागदात गोळा केली. “आणि असा मधूनच उचलून आणला, की त्याच्या कपाळावर शिक्काच बसला म्हणून समजा.”

“बसू दे शिक्का. जिवंत तर राहील. पत्रात कारण लिहा, की चूक झाली.”

“कुणाची?”

सगळं अडलं होतं ते एवढ्या एका शब्दापाशी. पाणबुडी किती खोल जाते तो आकडा वर पाठवला तेव्हा या माणसाची पाठ थोपटली गेली होती, आणि ज्याच्या तोंडून तो आकडा निघाला त्या पोराला वाचवायला याच्याकडे ‘माझी’ एवढा एक शब्द नव्हता. बाईंना त्यांच्या अंगावर शाईची दौत फेकावीशी वाटली. फेकली असती तर निदान काहीतरी घडलं असतं. त्या तशाच बाहेर आल्या.

घरी वहिनी होती. बाईंचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर होता आणि ते जहाज अशाच एका पाणबुडीने बुडवलं होतं. मागे राहिल्या या दोघी, दोन खोल्यांत. वहिनी धुलाईच्या कारखान्यात सैनिकांचे कपडे धुवायची. हातांना कायम सोड्याचा वास. ती नणंदेला ‘संत्रीवाली’ म्हणायची, आणि ते थट्टेत म्हणत नसे.

बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वहिनीने चुलीवरचं भांडं उतरवलं.

“मारतील का त्याला?”

“दुय्यम शिस्तीचा माणूस आहे. साक्ष घेतल्याशिवाय काही करणार नाही. त्यांचा इंजिनवाला पहिल्या ट्रकमध्ये मावला नाही, अजून आमच्याकडे आहे, सगळ्यांत वयस्कर. तो पोचला की बसवतील पंचायत. मग मारतील.”

“मारू देत की. तुझ्या दादाला पाण्यात सोडून गेले तेव्हा कुणाला दया आली होती?”

“आचारी आहे गं तो. बटाटे सोलायचा.”

“त्याचे बटाटे खाऊनच तर बाकीचे जहाजं बुडवत होते.” वहिनीने ताटात वाढलं, पाटा पुसावा तसं टेबल खसखसून पुसलं आणि मग बाईंकडे न बघता विचारलं, “शब्द दिला होतास?”

“दिला होता.”

“मग तो कुठला आणि कोण, हे कशाला बघायचं? शब्द तुझा आहे.”

रागाच्या भरात माणसाला जी युक्ती सुचते ती फार हुशारीची वाटते. बाईंना दुसऱ्या दिवशी कामावर जाताना एक सुचली. इंजिनवाला दुपारच्या ट्रकने छावणीत जाणार होता. तो जे कानांत घेऊन जाईल, त्यावर पंचायत बसणार होती. आणि पाणबुडीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की आचारी आणि जोडीदार यांचा बिछाना एक. एकाला कळलं ते दुसऱ्याला कळलं. जोडीदार तर आता कुणाच्या मारापलीकडे गेला होता.

इंजिनवाला टकला, थोराड, कानात तेलाचे बोळे घालायची खोड असलेला गृहस्थ. त्याने निरोपाची सिगारेट पेटवली तेव्हा बाई सहज म्हणून खिडकीशी उभ्या राहिल्या.

“तुमचा तो टॉर्पेडोवाला गेला, फार वाईट झालं,” त्या म्हणाल्या. “तापात अखंड बडबडायचा बिचारा. पाणबुडीवरचं सगळं बरळत होता. कप्तानाच्या पँटचंसुद्धा.”

इंजिनवाल्याने धूर सोडला नाही. “तापात?” त्याने विचारलं.

“तापात. त्याला बिचाऱ्याला शुद्ध कुठे होती.”

ते ‘तापात’ बाईंनी मुद्दाम घातलं होतं. तापात बोलला म्हणजे गद्दारी नाही, मेलेल्यालाही डाग लागणार नाही, असा त्यांचा कयास. हे घर चालवणाऱ्यांच्या पंगतीत बसून त्यांनाही वाटायला लागलं होतं, की माणसाच्या कानात आपण ठेवू तेवढंच राहतं.

संध्याकाळी त्यांनी वहिनीला सांगितलं, सुटला आपला आचारी. वहिनीने कसा ते विचारलं. ऐकून तिने हातातली वाटी खाली ठेवली.

“मेलेल्याच्या नावावर घातलंस?”

“त्याला आता काय होणार आहे, वहिनी?”

“माझा माणूसही मेलेलाच आहे.” वहिनीचा आवाज चढला नाही, पण बाईंना मागे सरावंसं वाटलं. “उद्या कुणी म्हणालं, यानेच जहाजाची वाट शत्रूला सांगितली, तर मी कुणाचं तोंड धरायला जाऊ? तो येणार आहे का सांगायला, की मी नव्हतो?”

एक जीव वाचवला, आता यात कसलं मेलं सोवळंओवळं, असं म्हणून बाई चिडून झोपल्या.

आठवडा उलटायच्या आत वकीलसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. चेहरा गंभीर, पण डोळ्यांत चमक. आचारी इस्पितळात होता. छावणीतल्या खलाशांनी त्याला बराकीच्या मागे नेऊन मारलं होतं, बाकांच्या फळ्यांनी. पहारेकरी वेळेवर पोचले म्हणून श्वास शिल्लक होता.

“पण त्यांना तर वाटत होतं, की...” बाई अडखळल्या.

“तुमची ती जोडीदाराची युक्ती ना? छावणीतल्या जबान्यांतून कळली मला. छान होती, चालली पण.” वकीलसाहेब म्हणाले. “या मूर्खानेच माती केली. भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, बोललो तो मी. आता काय करणार? पण बाई, झालं ते आपल्या दृष्टीने बरंच झालं. आता त्याला त्या बाजूचं कुणी उरलं नाही. आता तो आपलाच. जा, उशाशी बसा. नव्या टॉर्पेडोची बॅटरी कुठे बनते, तेवढं विचारून घ्या. संत्री न्या.”

बाईंनी संत्र्यांची पिशवी वकीलसाहेबांच्या टेबलावरून ढकलून दिली. संत्री घरंगळत कपाटाखाली गेली. साहेब वाकून ती गोळा करायला लागले, आणि वाकलेल्या स्थितीतही त्यांचं बॅटरी, बॅटरी चालूच होतं.

इस्पितळात आचाऱ्याचा एक डोळा उघडत होता. जबडा बांधलेला, त्यामुळे तो शब्द दातांतून ढकलत होता. बाई दिसल्यावर त्याने मान फिरवायचा प्रयत्न केला, ती फिरली नाही.

“का उभा राहिलास?” बाईंनी विचारलं. आवाजात माया आणायला गेल्या, निघाला तो राग. “वाचला होतास ना तू? गप्प बसायला काय झालं होतं?”

“ते कप्तानासाठी आणि मेलेल्या सगळ्यांसाठी उभे राहतात. एकेकाचं नाव घेतात,” आचारी म्हणाला. “त्याचं नाव आलं तर सगळे खाली बसले. थुंकले. त्याच्या आईला कळवायचं ठरलं, की तो गद्दार होता.” तो दम खायला थांबला. “तो नुसता पाणी मागत होता. तुम्ही होतात तिथे.”

“तुला वाचवायला केलं मी.”

“मी बोललो ते त्याच्यासाठी. डॉक्टर येईल म्हणून. तुम्ही त्याला डॉक्टर दिला नाहीत आणि वर त्याचं नावही घेतलंत.”

बाई म्हणाल्या, “पण आता तू सांगितलंस ना खरं? त्याचं नाव तरी सुटलं.”

आचाऱ्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. “नाही सुटलं. ते म्हणाले, दोघंही बोलले असणार. एकाच बिछान्यातले.”

बाई बाकावर बसून राहिल्या. नर्स येऊन पट्टी बदलून गेली. त्यांना वकीलसाहेबांचा राग आला, दुय्यमचा आला, फळ्या उचलणाऱ्या त्या सगळ्या मर्दांचा आला, आणि या पोराचाही आला, जो मुकाट्याने जगला असता तर त्यांना रात्री झोप लागली असती. पण सगळ्यांवरून फिरून तो राग जिथे येऊन बसायचा तिथेच बसला. तापात बडबडत होता, हे वाक्य दुसऱ्या कुणी तयार केलेलं नव्हतं. पँटचा प्रश्न निदान साहेबांचा होता, त्यांनी तो नुसता उतरवला होता. हे वाक्य त्यांचं स्वतःचं, घरचं.

त्या उठल्या आणि वकीलसाहेबांकडे गेल्या. दुय्यम आता बोलेल असं वाटतं, म्हणाल्या. मारहाणीच्या चौकशीचं निमित्त करून एकटीने भेटते. साहेब इतके खूश झाले, की स्वतः पास लिहून दिला. पास हातात घेताना बाईंच्या मनात आलं, की खरं बोलायला जायचं तरी खोटं बोलूनच जावं लागतंय. तेवढं चालवून घेतलं.

छावणी म्हणजे जुन्या लाकडाच्या वखारी. भुशाचा वास अजून गेला नव्हता. एका अरुंद खोलीत टेबल, दोन खुर्च्या, दाराबाहेर पहारेकरी. दुय्यमला आत आणलं. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाठ ताठ. बाई उभ्याच राहिल्या.

“मी तुमच्या इंजिनवाल्याला खोटं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “टॉर्पेडोवाला काही बोलला नाही. शुद्धीत नाही आणि तापातही नाही. शेवटपर्यंत पाणी मागत होता. मी त्याच्याजवळ होते. जे काही सांगितलं ते आचाऱ्याने एकट्याने सांगितलं, आणि तेही त्या मुलाला डॉक्टर मिळावा म्हणून. त्याच्या आईला भलतंच काही कळवू नका.”

दुय्यमने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

“तुम्ही हे सांगायला आलात, ते तुमच्या साहेबांना ठाऊक आहे?”

“नाही.”

“पण पास तर त्यांनीच दिला असेल.”

“हो.”

“कशासाठी म्हणून?”

बाईंनी खरं सांगितलं, “तुम्हाला बोलतं करते, असं सांगून आले.”

दुय्यमने मान डोलावली, समजल्यासारखी. “आमच्या माणसाला सिगारेट मिळाली, त्यामागून प्रश्न आला. संत्रं मिळालं, त्यामागून प्रश्न आला. डॉक्टर यायच्या आधीच प्रश्न आला होता, असं आचारी सभेत म्हणाला. मागच्या वेळी तुम्ही खिडकीत उभ्या राहून हळहळलात, तीही युक्ती निघाली, असं आता तुम्हीच सांगताय. आज तुम्ही उभ्या राहून माफी मागताय.”

“ही युक्ती नाही.” बाईंचा आवाज चिरकला. “मी खरं बोलते आहे. तो मुलगा स्वच्छ होता. तुम्हाला माझं काय करायचं ते करा, पण त्याचं नाव घेऊन उभे राहा. एवढंच.”

त्या हे जितकं कळवळून बोलल्या, तितका दुय्यमचा चेहरा शांत होत गेला. बाईंनी अशी शांतता शेकडो कैद्यांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. समोरचा आपल्याकडून काहीतरी काढायला आलाय आणि आपण काहीही द्यायचं नाही, हे ठरलं की माणूस असा दिसतो.

त्याने उठून बाईंसाठी दुसरी खुर्ची ओढली, हातानेच बसा म्हणून खुणावलं, आणि आपल्या जागी जाऊन हाताची घडी घातली.

“विचारा,” तो म्हणाला.